डोक्यावरच्या विद्युतप्रवाहाचा नकाशा: उजव्या कानाजवळचा लाल-निळा डाग खरा मानायचा का?

सिग्नलवाला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

पुण्यात पीएचडी करतोय, मूळचा इलेक्ट्रॉनिक्सचा. कामासाठी १४ निरोगी स्वयंसेवकांचा ईईजी घेतला. डोळे मिटून पाच मिनिटं, १९ इलेक्ट्रोड, नेहमीची टेन-ट्वेंटी मांडणी, संदर्भ म्हणून दोन्ही कान जोडलेले. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात अल्फा लहरी (८ ते १३ हर्ट्झ) जोरात येतात, हे सगळ्यांना माहीत असलेलंच. ओ-२ (डोक्यामागचा उजवा इलेक्ट्रोड) वरची अल्फाची शिखरं पकडून सगळ्या इलेक्ट्रोडची सरासरी काढली आणि नकाशा रंगवला. मागे लाल, पुढे येऊ तसा फिका होत गेलेला. बघून बरं वाटलं.

मग गाइड म्हणाले, नुसत्या व्होल्टेजच्या नकाशात काय आहे, करंट सोर्स डेन्सिटी काढ. काढली, आणि नकाशा ओळखू येईना. मागचा पसरट लाल भाग ओ-१ आणि ओ-२ या दोन ठिपक्यांत आटला. इथवर ठीक. पण उजव्या कानाच्या वर टी-४ ला एक भलाथोरला लाल डाग, आणि त्याला खेटून मागे टी-६ ला तितकाच गडद निळा. चौदाच्या चौदा जणांत! डाव्या बाजूला तसलं काहीच नाही. गाइड खूश आहेत. उजव्या टेम्पोरल लोबमध्ये काहीतरी गवसलंय असं त्यांना वाटतं, पेपरचं शीर्षकसुद्धा सुचलंय. मला मात्र झोप नाही.

हा प्रकार नेमका मोजतो काय, १९ इलेक्ट्रोडवर तो करावा का, आणि हा डाग मेंदूचा आहे की माझ्या गाढवपणाचा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ओक्काबोक्का
डोक्यात करंट जातो हे माहीत होतं, दर महिन्याला वीजबिल आलं की जातोच. त्याचा नकाशा काढतात हे आज कळलं. चटई टाकून बसलोय.

रेवा_
वाचतेय. जरा आमच्यासारख्यांना कळेल असं लिहा, प्लीज. ईईजी म्हणजे डोक्याला वायरी लावतात ते ना?

त्रिज्या
रेवा, हो, तेच. मी गणित शिकवते. मेंदूतलं मला काही कळत नाही, पण करंट सोर्स डेन्सिटीच्या मुळाशी जो लाप्लेशियन असतो तो माझ्या घरचा आहे, म्हणून तेवढंच सांगते.

ईईजीत एका जागेचं व्होल्टेज कधीच मोजलं जात नाही, दोन जागांमधला फरक मोजला जातो. दुसरी जागा कान घ्या, नाक घ्या, नाहीतर सगळ्यांची सरासरी घ्या. दर वेळी नकाशा बदलतो. कानाजवळ स्वतःची थोडी लहर असली तर ती उलट होऊन सगळ्या डोकंभर पसरते.

आता एक इलेक्ट्रोड घ्या, त्याचं वाचन २० मायक्रोव्होल्ट. भोवतालच्या चौघांची १२, १४, १० आणि १२. शेजाऱ्यांची सरासरी १२, म्हणजे मधला आपल्या आळीपेक्षा ८ ने वर. आता संदर्भ बदलला म्हणून सगळ्यांत ३० मिळवा: मधला ५०, शेजाऱ्यांची सरासरी ४२, फरक पुन्हा ८. संदर्भ कुठलाही घ्या, हा ८ हलत नाही. १९७५ साली स्वीडनमधल्या बो ह्योर्थ यांनी सुचवलेली युक्ती हीच. (ज्यांच्या नावाने ॲक्टिव्हिटी, मोबिलिटी, कॉम्प्लेक्सिटी हे तीन आकडे सिग्नलवाले काढतात, तेच हे ह्योर्थ.)

याला अंतराची जोड दिली की झाला लाप्लेशियन. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत ३५ सेंटिमीटर धरले, तर टेन-ट्वेंटीत दोन इलेक्ट्रोडमध्ये त्याच्या २० टक्के, म्हणजे ७ सेंटिमीटर येतात. ८ गुणिले ४ बरोबर ३२, भागिले ७ चा वर्ग ४९, उत्तर सुमारे ०.६५ मायक्रोव्होल्ट प्रति चौरस सेंटिमीटर. तेच मिलिव्होल्ट प्रति चौरस मीटरमध्ये ६.५. त्वचेची वाहकता ०.३३ सीमेन्स प्रति मीटर धरून गुणलंत की सुमारे २.२ मिलिअँपिअर प्रति घनमीटर. इथे पुष्कळांची गफलत होते. नावात ‘करंट डेन्सिटी’ आहे म्हणून ते प्रति चौरस मीटर शोधत बसतात. हे आहे त्वचेच्या एवढ्याशा घनफळात खालून किती प्रवाह शिरतोय, याचा अंदाज.

लेव्हलमशीन
त्रिज्याबाई, झकास. मी सिव्हिलवाला, हयात सर्व्हेत गेली. मुंबईत महापालिकेच्या जुन्या नकाशांवर उंची टाउन हॉल डेटमपासून असते, बाकी ठिकाणी समुद्रसपाटीपासून. नवीन पोरं दोन नकाशे एकत्र करतात आणि गटार चढावर वाहायला लागतं. पण टेकडी कुठे आणि खड्डा कुठे, हे कुठल्याही डेटमवर तेच राहतं. तुमचा लाप्लेशियन म्हणजे टेकडी-खड्डा ओळखणारं यंत्र असं समजलो. बरोबर?

त्रिज्या
काका, अगदी! मी वर्गात हेच सांगणार आता.

डॉ_निशिगंध
मेंदूविकार हा माझा रोजचा धंदा, म्हणून थोडं थंड पाणी ओततो.

कवटी विजेला फार अडवते. जुन्या हिशेबात तिची वाहकता मेंदूच्या ८० व्या भागाइतकी धरत, नंतरच्या मोजमापांत ती तितकी वाईट निघाली नाही, तरी फरक मोठाच आहे. म्हणून खाली सुपारीएवढ्या जागेत झालेली हालचाल वर तळहाताएवढी पसरून दिसते. लाप्लेशियन हा पसारा आवरतो, हे मान्य. पण आवरणं वेगळं आणि खाली काय आहे ते सांगणं वेगळं. डोक्यावरच्या एकाच नकाशाला आतले अनंत प्रवाह जुळू शकतात हे हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच दाखवून ठेवलंय. त्यामुळे टी-४ ला डाग दिसला म्हणून ‘उजव्या टेम्पोरल लोबमध्ये सापडलं’ असं म्हणायला मी तरी धजणार नाही.

आणि खरं सांगू का? अपस्माराचे ईईजी वाचताना आम्ही बायपोलर मांडणी वापरतो. शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमधला फरक, मग पुढच्या दोघांचा. जिथे लहरी एकमेकींकडे तोंड करतात, ते मूळ. तोही उतार मोजण्याचाच प्रकार झाला, आणि त्याला संगणक लागत नाही, डोळा लागतो. १९ इलेक्ट्रोडवर करंट डेन्सिटी म्हणजे नऊवारीचा घोळ पोलक्याच्या कापडात बसवणं.

नाना_अल्बनी
डॉक्टरसाहेब, शेवटच्या वाक्याशी असहमत. मी न्यूयॉर्क राज्यात, अल्बनीजवळ राहतो. आता निवृत्त. मेंदूच्या लहरींनी संगणक चालवण्याच्या कामात काही वर्षं होतो.

हाताची हालचाल नुसती मनात आणली तरी सी-३ आणि सी-४ (माथ्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे इलेक्ट्रोड) वरची म्यू लहर (८ ते १२ हर्ट्झ) खाली बसते. पण तिच्याच पट्ट्यात मागची अल्फा लहर असते आणि ती धटिंगण. कानाचा संदर्भ घेतला की सी-३ वर अल्फाचाच आवाज ऐकू येतो. इथल्याच वड्सवर्थ सेंटरमध्ये मॅकफार्लंड, वोल्पॉ मंडळींनी १९९७ साली चार गाळण्या शेजारी ठेवून बघितल्या: कान, सगळ्यांची सरासरी, ३ सेंटिमीटरचा लहान लाप्लेशियन आणि ६ सेंटिमीटरचा मोठा. कानाचा संदर्भ मागे पडला हे ठीक, पण लहान लाप्लेशियनही मागे पडला. मोठा आणि सरासरीवाला पुढे. फार बारीक चाळणी लावली की म्यू लहरच गळून जाते, कारण तिचा स्वतःचा पसारा तेवढा असतो. इलेक्ट्रोड जितके जवळ तितकं चांगलं, असं सरसकट नाही.

आणि थोड्या इलेक्ट्रोडबद्दल: न्यूयॉर्कच्या कायझर आणि टेंके यांनी २००६ मध्ये १२९ इलेक्ट्रोडचा निकाल ३१ च्या निकालाशी ताडून पाहिला. गटाच्या सरासरीचा प्रश्न असेल तर ३१ बऱ्यापैकी पुरतात असं निघालं. १९ म्हणजे ३१ नव्हेत, कबूल. पण पोलकं इतकंही तोकडं नाही.

उलट बाजूही सांगतो. ज्या लहरी मुळातच पसरट आहेत किंवा खोलातून येतात, त्या या नकाशात मार खातात. पी-३०० (काही वेगळं दिसलं-ऐकलं की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी येणारी लहर) बघणाऱ्यांनी व्होल्टेजचा नकाशा फेकून देऊ नये.

डॉ_निशिगंध
नाना, गटाच्या सरासरीपुरतं मागे घेतो. समोर बसलेल्या एका रुग्णासाठी घेत नाही.

मृण्मयी_ईईजी
२२ वर्षं ईईजी टेक्निशियन आहे. एवढे मोठे लोक लिहितायत, तर मी खालच्या मजल्यावरचं सांगते.

सिग्नलवाला, तुझे स्वयंसेवक केस धुऊन आले होते का? आमच्याकडे अपॉइंटमेंट देताना तीन वेळा सांगते, आदल्या रात्री शाम्पूने केस धुवा, तेल लावू नका, जेल लावू नका. तरी एखाद्या आजी खोबरेल चोपडून येतातच. ‘अगं, डोक्याची तपासणी आहे म्हणून थंड राहावं, तर लावलं.’ तेलावर पेस्ट धरत नाही, इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा) वर जातो आणि मग त्या इलेक्ट्रोडवर घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा झेंडा.

दुसरं उलटं. नवी मुलं टोपीतून जेल इतकं भरतात की ते एका भोकातून दुसऱ्यात जातं. दोन इलेक्ट्रोड एकच होतात. वर लहरी छान दिसतात, कुणाला संशय येत नाही, फक्त दोघांची रेघ हुबेहूब सारखी. टी-४ आणि टी-६ ची रेघ एकावर एक ठेवून बघ.

सिग्नलवाला
मृण्मयीताई, बघितलं. रेघा सारख्या नाहीत, टी-६ ला अल्फा चांगला मोठा आहे आणि टी-४ ला कमी. इम्पिडन्स सगळीकडे ५ किलोओहमच्या आत होता, नोंद आहे. तेलाचं विचारलं नव्हतं. :(

ओक्काबोक्का
चौदा जणांनी फक्त उजव्या कानावर तेल लावलं असेल. वास्तुशास्त्र.

पाटी_पेन्सिल
टी-४ च्या खाली चावण्याचा मोठा स्नायू असतो ना? दात आवळले की तिथे कचरा येतोच. मी गाठलेलं उत्तर: स्नायू. पुढचा प्रश्न.

नाना_अल्बनी
पाटी, एरवी मीही हेच म्हटलं असतं. पण स्नायूंचा कचरा साधारण २० हर्ट्झच्या पुढे जास्त. त्याने अल्फाच्या शिखरांशी वेळ जुळवून घेतलीय, सरासरीही काढलीय. स्नायू अल्फाच्या तालावर नाचत नाही, सरासरीत विरून जायला हवा. आणि निळ्या डागाचं काय?

पाटी_पेन्सिल
ओके. पाटी पुसली.

रेवा_
अवांतर विचारू का? ते गुन्हेगारांचं ‘ब्रेन मॅपिंग’ करतात, ते हेच का? बातम्यांत यायचं.

डॉ_निशिगंध
रेवा, उपकरण तेच, दावा वेगळा. तिथे प्रश्न ऐकवून मेंदूच्या प्रतिसादावरून ‘याला हे अनुभवाने माहीत आहे’ असा निष्कर्ष काढतात. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात असा अहवाल ग्राह्य धरला, तेव्हा जगभर भुवया उंचावल्या होत्या. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नार्को, लाय डिटेक्टर आणि ही चाचणी, तिन्ही सक्तीने करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर लहरींवरून ‘झोप लागली’ एवढं सांगतानाही मी दोनदा बघतो. ‘खून केला’ फार लांब राहिलं.

ओक्काबोक्का
बायको माझा चेहरा बघून सांगते. इलेक्ट्रोड शून्य.

चिंचबोर
माझ्या मुलाचा ईईजी झाला होता दोन वर्षांपूर्वी, एका मोठ्या हॉस्पिटलात. रात्रभर जागवून सकाळी न्यायचं होतं. तीन तास बाहेर बसवलं. मुलगा मांडीवरच झोपला आणि आत गेल्यावर टक्क जागा. मग टेक्निशियनबाईंनी कुठलंसं गाणं गुणगुणत झोपवला. रिपोर्ट नॉर्मल आला, पण त्या बाईंचं नाव विचारायचं राहिलं. मृण्मयीताई, तुमच्यासारखंच कुणीतरी असणार.

मृण्मयी_ईईजी
चिंचबोर, आम्ही सगळ्या गुणगुणतो. प्रशिक्षणात नसतं ते.

संपादक
धागा छान चाललाय, पण मूळ प्रश्नाकडे वळावं ही विनंती. ब्रेन मॅपिंगसाठी वेगळा धागा काढता येईल.

त्रिज्या
वळते. मला आधी वाटलं, हा कडेचा परिणाम असणार. चार शेजारी म्हणायला सोपं. टी-४ ला पुढे एफ-८, वर सी-४, मागे टी-६ आणि खाली कान. तिकडे इलेक्ट्रोडच नाही. कडेला राहणाऱ्याला एका बाजूने शेजार नसतो, तिथे सूत्र अंदाजपंचे चालतं.

आता कुणी ह्योर्थची शेजाऱ्यांची बेरीज करत नाही म्हणा. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या लियोंच्या पेरँ, पेर्निए मंडळींनी डोकं गोल मानून त्यावर एक लवचीक पृष्ठभाग ताणायची रीत दिली, स्फेरिकल स्प्लाइन. इलेक्ट्रोडवरच्या आकड्यांतून जाणारा गुळगुळीत पृष्ठभाग, आणि मग त्याचा बाक मोजायचा. पृष्ठभाग किती ताठ ठेवायचा आणि आकड्यांना किती चिकटवायचा, हे दोन खुंट्या पिळून ठरतं. (मूळ लेखातल्या सूत्रात चुका होत्या, १९९० मध्ये दुरुस्ती छापावी लागली. सूत्रावरून स्वतः कोड लिहिणाऱ्याने दुरुस्तीसकट वाचावं. मी एकदा अख्खी दिवाळीची सुट्टी त्यात घालवलीय.)

कडेला हा पृष्ठभाग मोकाट सुटतो. पण मग डाव्या बाजूला टी-३, टी-५ जवळही सुटायला हवा होता. तो तिथे शहाण्यासारखा बसलाय. म्हणून माझाच सिद्धांत मी मागे घेते.

सिग्नलवाला, खुंट्या काय ठेवल्यायस?

सिग्नलवाला
पायथनमध्ये एमएनई या ईईजीच्या सॉफ्टवेअरच्या मूळच्याच: ताठपणा ४, लॅम्डा (आकड्यांना चिकटवायची खुंटी) १० चा उणे ५ वा घात. लॅम्डा शंभरपट वाढवून पाहिला, डाग फिका झाला पण गेला नाही. सांगायला लाज वाटते, पण गाइडांनी त्यावर ‘म्हणजे डाग भक्कम आहे’ असं लिहून घेतलंय.

नाना_अल्बनी
अरे देवा.

डॉ_निशिगंध
एक विचारतो. चौदाही जणांत एकाच बाजूला? स्वयंसेवकांत डावखुरे किती? मेंदूत दोन माणसं इतकी सारखी नसतात, चौदा तर नाहीतच. निसर्ग इतका शिस्तीचा वागला की मी आधी यंत्राकडे बघतो.

सिग्नलवाला
दोन डावखुरे आहेत सर. त्यांचाही डाग उजवीकडेच.

लेव्हलमशीन
मंडळी, मला मेंदूतलं शष्प कळत नाही. पण दोन दिवस हा धागा वाचतोय आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो. चूक असेल तर सोडून द्या.

आधी एक दृष्टान्त, रेवासाठी. पावसाळ्यात स्लॅब गळतो तेव्हा छतावर ओलीचा मोठा डाग पडतो. डाग म्हणजे तुमचं व्होल्टेज. पाणी नेमकं कुठून पाझरतंय तो ठिपका म्हणजे लाप्लेशियन. आणि त्या ठिपक्याच्या बरोबर वर गच्चीला भेग असेलच असं नाही, पाणी आतल्या सळईवरून चालत येतं. डॉक्टरसाहेब जे म्हणाले ते हेच. बिल्डरशी भांडताना मला हे शंभरदा समजवावं लागलंय.

आता मुद्दा. सर्व्हेत फील्डबुकात रीडिंग उतरवताना कधी कधी दोन ओळींची अदलाबदल होते. बिंदू १७ चं रीडिंग १८ पुढे, १८ चं १७ पुढे. नुसत्या आकड्यांकडे बघितलं तर काही कळत नाही, दोन्ही आकडे खरेच असतात. पण काँटूर काढले की सपाट उतारावर अचानक एक टेकडी आणि तिला खेटून एक खड्डा. नेहमी जोडीने, नेहमी शेजारी. हे चित्र दिसलं की मी साइटवर जात नाही, आधी फील्डबुक मागवतो.

तुझं टी-४ आणि टी-६ तसं आहे का?

नाना_अल्बनी
काका!!

सिग्नलवाला, वर तूच लिहिलंयस: टी-६ ला अल्फा मोठा, टी-४ ला कमी. टी-६ मागे आहे, तिथे मोठा असणार, हे बरोबरच. म्हणजे रेघा ठीक आहेत. पण नकाशात लाल टी-४ ला आहे आणि निळा टी-६ ला! रेघेला जागा कळत नाही, नकाशाला कळते. मोठा आकडा पुढे नेऊन ठेवला तर तो तिथे टेकडी होणार, आणि लहान आकडा सगळ्या मोठ्यांच्या मध्ये मागे बसवला की खड्डा. व्होल्टेजच्या नकाशात रंग इतके गुळगुळीत पसरतात की ते खपून जातं.

इलेक्ट्रोडच्या जागांची फाइल कुठून घेतलीस?

मृण्मयी_ईईजी
आणि वायरी हेडबॉक्सला लावल्यावर टिचकी मारली होतीस का? एकेका इलेक्ट्रोडवर बोट आपटायचं आणि स्क्रीनवर कुठली रेघ उडते ते बघायचं. वायरीच बदलल्या असल्या तर जागांची फाइल बिचारी काय करणार.

त्रिज्या
दोन्हींतलं कुठलं, हे ओळखायची सोपी वाट आहे. सॉफ्टवेअरसोबत येते ती तयार टेन-ट्वेंटी मांडणी लावून पुन्हा चालव. डाग गेला तर फाइलची चूक. राहिला तर वायरींची, आणि मग मृण्मयीताईंचं बरोबर.

पाटी_पेन्सिल
मी आता काहीच बोलत नाही, फक्त एफ-५ दाबतोय.

सिग्नलवाला
(रात्रीचे पावणेदोन)

गेला.

सविस्तर सांगतो. जागांची फाइल लॅबमधल्या एका सिनियरची होती, त्यात नवी नावं होती. नव्या पद्धतीत टी-४ ला टी-८ म्हणतात आणि टी-६ ला पी-८. आमचं मशीन जुनी नावं लिहितं. म्हणून मी नावं हाताने बदलली. डावीकडची बरोबर बदलली. उजवीकडे टी-८ समोर टी-६ लिहिलं आणि पी-८ समोर टी-४. आठ आणि सहा जवळचे वाटले असणार, दुसरं काही कारण नाही. सहा महिने ती फाइल वापरतोय.

तयार मांडणी लावली आणि डाग नाहीसा. ओ-१, ओ-२ चे दोन ठिपके राहिले, कडेला थोडी कुरबुर दोन्ही बाजूंना सारखीच. काका, तुमचे पाय कुठे आहेत?

लेव्हलमशीन
पाय सांगलीत, गुडघ्यासकट दुखतायत. अभ्यास कर.

डॉ_निशिगंध
शाब्बास. आणि एक शब्द मागे घेतो: लाप्लेशियन एका रुग्णासाठी नको म्हणालो होतो, पण मांडणीतली चूक पकडायला तो डोळ्यापेक्षा तिखट आहे हे आज दिसलं. व्होल्टेजच्या नकाशात मीही फसलो असतो.

नाना_अल्बनी
तोच त्याचा गुण आणि तोच त्रास. उताराचा उतार काढतो, त्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रोडची खोडी मोठी करून दाखवतो. एक इलेक्ट्रोड सैल असला तर शेजारचे तीन-चार बिघडलेले दिसतात. म्हणून सैल इलेक्ट्रोड आधी काढायचा, मगच हे चालवायचं. आणि काढलेल्या जागी शेजाऱ्यांवरून भरलेला आकडा ही नवी माहिती नव्हे, हे गाइडांनाही सांग. हात साफ करायचा असेल तर फिजिओनेट या खुल्या संग्रहावर १०९ जणांची, ६४ इलेक्ट्रोडची हालचालींची नोंद फुकट आहे. त्यात सी-३, सी-४ वर म्यू कसा उठून दिसतो ते बघ. पोलक्यातून नऊवारीत येशील.

रेवा_
मला सगळं नाही कळलं, पण स्लॅबचं कळलं. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांना ही लिंक पाठवतेय.

सिग्नलवाला
आज सकाळी गाइडांना सांगितलं. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बाकीच्या कुठल्या कुठल्या विद्यार्थ्यांनी ती फाइल घेतली आहे?’ तिघांनी घेतलीय. आता बसलोय तिघांना फोन लावत.

मृण्मयी_ईईजी
पुढच्या रेकॉर्डिंगला टिचकी मारायची. आणि तेलाचं विचारायचं.

ओक्काबोक्का
ते सगळं ठीक. पेपरचं शीर्षक काय ठरलं होतं ते तरी सांग.

सिग्नलवाला
नाही सांगत. पुढच्या वर्षी व्हायवा आहे.